थकलेली फी, थकलेले पगार: सोलापूरच्या एका मुलींच्या शाळेचा जमाखर्च

मार्चअखेर शाळेतल्या सोळा शिक्षिका आणि चार शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे तीन महिन्यांचे पगार थकले होते. वीजबिल आणि बसच्या दुरुस्तीचे मिळून आणखी दीड लाख द्यायचे होते. विश्वस्तांच्या बैठकीत क्लार्कने कागद पुढे ठेवला. तळाशी आकडा होता: १२ लाखांची तूट. अध्यक्षांनी उपायही लगेच सांगितला. येत्या जूनपासून फी १८ टक्क्यांनी वाढवायची.

हे प्रकरण शाळाचालकांना, शिक्षकांना आणि पालक-शिक्षक संघांना चर्चेसाठी वापरता यावं म्हणून रचलेलं आहे. शाळा कल्पित आहे आणि तिचे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. शहर, तिथल्या लोकांचं पोटापाण्याचं गणित आणि कायदे मात्र खरे आहेत.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, विनाअनुदानित, फक्त मुलींची, पाचवी ते दहावी. बारा तुकड्या, ३६० मुली. घरं यंत्रमाग कामगारांची आणि विडी कामगार बायकांची. बाप टॉवेल-चादरीच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळते. बऱ्याच मुली घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कानडी किंवा उर्दू, शाळेत मराठी. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. तरीही हे पालक वर्षाला १५,००० रुपये भरून मुलीला इथे घालतात. का, याची उत्तरं त्यांच्याकडे तयार असतात: बस दारात येते, वर्गात तीसच मुली, बाई नाव घेऊन ओळखतात, आणि शाळेत फक्त मुलीच असल्यामुळे घरातली वडीलधारी माणसं वयात आलेल्या मुलीला नववी-दहावीतही पाठवतात. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्या घराने हा खर्च पत्करलेला असतो. या प्रकरणाचा विचार करताना हे सतत ध्यानात ठेवायला हवं.

तूट नेमकी कुठली?

१२ लाखांचा आकडा फोडून पाहिला तेव्हा चित्र बदललं. चाळीस मुलींना निम्मी फी माफ आहे. म्हणजे पूर्ण फीच्या हिशेबाने ३४० मुली, आणि येणं ५१ लाख. वर्षाचा खर्च ५३ लाख: पगार आणि भविष्य निर्वाह निधी ४२ लाख, वीज-पाणी-दुरुस्ती-प्रयोगशाळा-परीक्षा ६ लाख, आणि दोन बसचा भाड्यातून न भागणारा खर्च ५ लाख. मार्चअखेर हातात आले होते ४१ लाख.

म्हणजे खर्च आणि ठरलेली फी यांच्यातलं खरं अंतर होतं २ लाखांचं. उरलेले १० लाख ही वसूल न झालेली फी होती. विश्वस्तांनी दोन्ही एकाच रकान्यात घातलं आणि त्याला ‘फी कमी पडते’ असं नाव दिलं. या एका बेरजेमुळे पुढची सगळी चर्चा चुकीच्या दिशेला निघाली होती.

१८ टक्के वाढ म्हणजे मुलीमागे २,७०० रुपये. कागदावर ९ लाख १८ हजार येतात. पण ५१ पैकी ४१ लाखच जमणाऱ्या शाळेत वाढीव रकमेचंही तेच होणार. हातात येतील सव्वासात-साडेसात लाख. त्यात वाढीमुळे तीस मुली गेल्या, तर १७,७०० च्या हिशेबाने ५ लाख ३१ हजारांचं येणं बुडतं. खर्च मात्र तसाच राहतो, कारण तीस मुली सहा इयत्तांतून थोड्या थोड्या गेल्या तर एकही तुकडी बंद होत नाही. ज्या पालकांनी वेळेवर भरलं त्यांच्यावर ओझं वाढवायचं, आणि ज्यांना भरणं जमलं नाही त्यांचं न जमण्याचं कारणही विचारायचं नाही, असा तो उपाय होता.

बैठकीतले इतर पर्याय

एका विश्वस्तांनी रस्त्याकडेची जागा दुकानांना नऊ वर्षांच्या कराराने द्यायचं सुचवलं. सार्वजनिक न्यासाची बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. न्यासासाठी पतसंस्थेकडून कर्ज काढायचं तरी कलम ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगी हवीच, त्यामुळे ‘पतसंस्थेतून उचलू, पगार भागवू’ हेही वाटतं तितकं सोपं नव्हतं. दुकानं आली की पानटपरीही येऊ पाहते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मुलींच्या शाळेच्या फाटकाशी कोण उभं राहणार, हा प्रश्न आयांच्या दृष्टीने भाड्याच्या रकमेपेक्षा मोठा होता.

दुसरा प्रस्ताव नव्या प्रवेशावेळी प्रत्येकी ५,००० रुपये ‘इमारत निधी’ घेण्याचा. तो तिथेच थांबवायला हवा होता आणि मुख्याध्यापिकांनी तो थांबवला. प्रवेशाच्या बदल्यात घेतलेला पैसा, त्याला नाव काहीही द्या, १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यात बसतो.

मुलग्यांना प्रवेश द्यावा, असंही एकजण म्हणाले. ज्या कारणासाठी पालक येतात तेच कारण त्यात संपतं.

राहिली बस. कुंभारी-विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीकडची बस बंद केली तर अडीच लाख वाचतात, असं क्लार्कने मांडलं. त्या बसने चोपन्न मुली येतात. त्यातल्या वीस जरी गळाल्या तरी तीन लाखांची फी गेली. आणि त्या वीसपैकी किती दुसऱ्या शाळेत जातील आणि किती घरी आईशेजारी सूप घेऊन विड्या वळायला बसतील, हे त्या भागात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. जमाखर्चात बस खर्चाच्या बाजूला दिसते. पण या शाळेत मुली टिकण्याचं ते पहिलं कारण आहे.

आणि फीवाढ? एप्रिलमध्ये परिपत्रक काढून ती जूनपासून लागू करताच येत नव्हती. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम २०११ प्रमाणे फीचा प्रस्ताव नवं वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांपैकी एक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक व एक शिक्षक. पालक सदस्य इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि समितीत निम्म्या तरी महिला हव्यात. ठरलेली फी दोन वर्षं बदलत नाही. समितीने मान्य केलेला आणि व्यवस्थापनाने मागितलेला आकडा यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल, तरच व्यवस्थापनाला विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येतं. या शाळेत समिती कागदोपत्री होती, पण चिठ्ठ्या कधी टाकल्या गेल्या नव्हत्या. विश्वस्तांच्या ओळखीचे चार पालक दरवर्षी सही करत.

‘मंडळाला देतात, शाळेला नाही’

एका विश्वस्ताचं वाक्य बैठकीत सगळ्यांना पटलं होतं: “रथोत्सवाला वर्गणी देतात, गणपतीला देतात. शाळेचं नाव काढलं की पैसे नसतात.”

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातल्या किती घरांचा त्याला हातभार लागतो, हे सोलापूरकर जाणतो. या लोकांना सामूहिक पैशाची सवय आहे. गल्लीगल्लीत बायकांची भिशी चालते आणि हप्ता चुकत नाही. मग शाळेचाच हप्ता का चुकतो?

मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, हा प्रश्न घेऊन गल्ल्यांत गेल्या. आजवर पालकसभा शनिवारी सकाळी अकराला, शाळेच्या हॉलमध्ये, मराठीत होई. त्या वेळी माग चालू असतात आणि बायका तयार विड्या कारखान्याच्या शाखेत देऊन पान-तंबाखू घेऊन परतत असतात. आता सभा संध्याकाळी, देवळाच्या ओवरीत किंवा समाजमंदिरात. सोबत तेलुगू येणाऱ्या दोन शिक्षिका, आणि क्लार्क कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही घेऊन.

पहिल्याच सभेत एका आईने विचारलं, “बाई, गॅदरिंगला तीनशे-तीनशे घेतले की. उरलेल्याचं काय झालं?” क्लार्कने कीर्द उघडली. १ लाख ८ हजार जमले होते, ९४ हजार खर्च झाले होते, उरलेले १४ हजार वीजबिलात गेले होते. चोरी कुणीच केलेली नव्हती. पण ज्या कामाला मागितले त्या कामाला ते लागले नव्हते आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मोठ्या बाईंनी तिथेच सांगितलं की ते १४ हजार वेगळे काढून ग्रंथालयाला दिले जातील आणि पावती फलकावर लागेल. मला या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. फीबद्दलचं बोलणं त्यानंतरच सुरू झालं.

मंडळाचा कार्यकर्ता दारात येतो, नावाने हाक मारतो, पावती फाडतो, आणि रथ डोळ्यांसमोरून जातो. शाळा नोटीस पाठवते, आणि थकलेल्या मुलींची नावं वर्गात वाचून दाखवते. ही यादी वाचायची पद्धत अनेक शाळांत आहे आणि ती बंद व्हायला हवी. फी हा शाळा आणि पालक यांच्यातला व्यवहार आहे, त्यात तेरा वर्षांच्या मुलीला उभं करायचं कारण नाही. या शाळेत सर्वांत जास्त थकबाकी आठवी-नववीची होती, आणि हजेरीपट लावून पाहिला तर यादी वाचली गेली की त्याच मुली पुढचे चार-पाच दिवस गैरहजर. मुलगी येत नाही, म्हणून आईही फी घेऊन येत नाही, थकबाकी वाढते, पुन्हा नाव वाचलं जातं.

हप्त्याची तारीख

सभांतून दुसरी गोष्ट निघाली ती तारखांची. शाळा दोन हप्ते घेई, जून आणि डिसेंबर. जूनमध्ये वह्या, गणवेश, दप्तर. डिसेंबरपर्यंत दिवाळीचा बोनस संपलेला. बोनस हातात असतो त्या दोन-तीन आठवड्यांत शाळेचा हप्ता नसायचाच. आणि मुळात या घरांत पैसा येतो आठवड्याने, महिन्याने नाही. साडेसात हजार एकरकमी उभे करायला बाप मालकाकडून उचल घेतो, आणि एकदा उचल घेतली की मजुरी कमी पडली तरी तो कारखाना सोडता येत नाही.

म्हणून पर्याय ठेवला: आठवड्याला ३५० रुपये, ४३ आठवडे. ज्यांना जमेल त्यांनी दिवाळीत मोठा हप्ता भरावा. क्लार्क शनिवारी संध्याकाळी दोन तास फाटकाशी बसतो, क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक घेऊन. क्यूआर कोडही लावलेला. दिवसाची बेरीज दोन पालक आया तपासून सही करतात आणि रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत. शिक्षिकांनी वसुलीत पडायचं नाही, असा ठराव झाला.

काही आयांनी शाळेनेच भिशी चालवावी असं सुचवलं होतं. ते नाकारलं, आणि बरोबर केलं. भिशीत एकाचा पैसा दुसऱ्याला जातो. ते काम शाळेचं नाही आणि चिटफंड अधिनियम १९८२ ची भानगड वेगळीच. शाळेने फक्त स्वतःची फी छोट्या तुकड्यांत घ्यावी.

तीन-चार कारखानदारांनीही हात पुढे केला. कामगाराच्या आठवड्याच्या पगारातून फी परस्पर कापून शाळेत भरतो, म्हणाले. वसुली शंभर टक्के झाली असती. मोठ्या बाईंनी नकार दिला. मुलीची शाळा बापाच्या मालकाच्या हातात गेली, तर बापाने काम बदललं की मुलीची शाळा धोक्यात. विश्वस्तांतल्या दोघांना हा निर्णय आजही पटलेला नाही. पगार थकलेले असताना हातचा पैसा सोडणं त्यांना चैनीचं वाटलं. माझं मत मोठ्या बाईंच्या बाजूने आहे. पण थकलेला पगार त्यांच्याइतकाच इतर पंधराजणींचाही होता आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हेही इथे नोंदवायला हवं.

देणग्यांची बाजू

विश्वस्तांची मोठी आशा कंपन्यांच्या सीएसआर निधीवर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायच्या पैशावर होती. ती चुकीच्या दारात उभी होती. कंपनी अधिनियम २०१३ चं कलम १३५ लागू होतं ते ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्यांना. पूर्व भागातले बहुतेक यंत्रमाग कारखाने घरगुती मालकीचे किंवा भागीदारीतले. मोठ्या कंपन्यांकडे जायचं तर न्यासाची सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि अशा कंपन्यांचा कल पगारांपेक्षा वर्गखोली, प्रयोगशाळा, स्वच्छतागृह अशा दिसणाऱ्या कामाकडे असतो. या शाळेला हवे होते पगाराचे पैसे.

‘८०जी’ची, म्हणजे आयकरात वजावट मिळवून देणारी पावती देतो, एवढ्यावर देणगी मागण्यातही आता पूर्वीचा जोर नाही. नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ती वजावट मिळत नाही, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला जुन्या प्रणालीतही नाही. आपल्याकडे गुप्तदानाला मान आहे. पण देणाऱ्याचं नाव-पत्ता शाळेच्या नोंदवहीत नसेल, तर अशा देणग्यांवर एका मर्यादेपलीकडे ३० टक्के कर बसतो. फलकावर नाव लावू नका म्हणणाऱ्याची इच्छा पाळता येते, वहीत मात्र ते लिहावंच लागतं.

माजी विद्यार्थिनींचा मेळावा घेतला. गर्दी झाली, डोळे ओले झाले, पैसे थोडे जमले. लग्न होऊन हैदराबाद, भिवंडी, पुण्याला गेलेल्या मुलींच्या हातात स्वतःचा पैसा किती असतो, याचा विचार आधी व्हायला हवा होता. त्यांच्यातल्या नर्स आणि शिक्षिका झालेल्यांनी दरमहा थोडी रक्कम बांधून घेतली, ते टिकलं. वर्षभरात सगळं मिळून साडेचार लाख आले.

एक छोटं काम मात्र फार उपयोगी पडलं. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण विभागाकडून शिष्यवृत्ती मिळते. रक्कम मोठी नसते, पण अर्ज ऑनलाइन, आणि आईचं विडी कामगार ओळखपत्र, आधार आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नाही म्हणून तो अडतो. संगणकाच्या बाईंनी सुट्टीत बसून हे अर्ज भरून दिले. त्यानंतर ज्या आया कधी शाळेत आल्या नव्हत्या त्या येऊ लागल्या, फी भरायलाही.

वर्षानंतर

पुढच्या मार्चअखेर चालू वर्षाच्या ५१ लाखांपैकी ४६ लाख ४० हजार आले. जुन्या १० लाखांपैकी ६ लाख १० हजार वसूल झाले. देणग्या साडेचार लाख. एकूण ५७ लाख. यातून वर्षाचा ५३ लाखांचा खर्च आणि आधीचं १२ लाखांचं देणं भागवायचं होतं. म्हणजे अजून ८ लाख कमी. पगार तीन महिन्यांऐवजी सुमारे दोन महिने मागे. गेलेल्या मुलींकडची बाकी बहुधा बुडीतच धरावी लागेल.

या दरम्यान चिठ्ठ्या टाकून निवडलेली समिती बसली होती, आणि सप्टेंबरच्या बैठकीत तिच्यापुढे खर्चाचा एका पानाचा तक्ता होता. एका मुलीमागे वर्षाला १४,७२० रुपये खर्च; त्यातले ११,६७० पगारांचे. सातवीच्या वर्गाची प्रतिनिधी असलेल्या आईने पगाराच्या ओळीवर बोट ठेवलं. “सोळा बाई आहेत ना? मग एकीला किती पडतात?” सरासरी १६,८०० रुपये, क्लार्कने सांगितलं. बैठक काही वेळ पुढे सरकली नाही. तिच्या मुलीला गणित शिकवणाऱ्या बाई एम.एस्सी., बी.एड. होत्या आणि तिचा नवरा मागावर चांगल्या आठवड्यात त्याच हिशेबाने कमावत होता.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही वेतनश्रेणीशी बांधतो. म्हणजे ५३ लाखांचा खर्च हाच मुळात खरा खर्च नव्हता. शाळा चालत होती ती शिक्षिका कमी पगारावर राबत होत्या म्हणून, आणि ही ओळ विश्वस्तांनी कधी मांडलेली नव्हती. हिशेब उघडा केल्यामुळे पालकांचा संशय गेला, आणि त्याच हिशेबाने व्यवस्थापनाची स्वतःची थकबाकी उघडी पाडली.

समितीने हिशेब केला. सोळाजणींना दरमहा हजार रुपये वाढवायचे तर वर्षाला १ लाख ९२ हजार, म्हणजे पूर्ण फी भरणाऱ्या मुलीमागे ५६५ रुपये. दोन लाखांची मूळ तूट भरून काढायला आणखी ५९०. डिसेंबरमध्ये व्यवस्थापनाने १,००० रुपयांच्या वाढीचा प्रस्ताव ठेवला. दोन वडील विरोधात होते. वाढ मान्य, पण ती आठवड्याच्या हप्त्यात बसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हप्ता ३७५ चा झाला आणि प्रस्ताव मंजूर झाला. यातून ३ लाख ४० हजार येतील. तूट वजा जाता प्रत्येक शिक्षिकेला महिन्याला सुमारे सातशे रुपये. वेतनश्रेणीपासून हे फार लांब आहे, आणि फी आता दोन वर्षं बदलणार नाही.

त्यामुळे शिक्षिकांच्या मागणीवरून समितीने एक ठराव विश्वस्तांकडे पाठवला आहे: थकीत पगार पूर्ण होईपर्यंत जुन्या बाकीतून आणि देणगीतून येणारा पैसा रंगकाम, कमान, वर्धापनदिन अशा कशालाही वळवू नये, आणि पगार कोणत्या तारखेला झाले ते दर महिन्याला फीच्या फलकाशेजारी लावावं. पहिल्या भागाला विश्वस्तांनी संमती दिली. दुसऱ्यावर अजून चर्चा चालू आहे.